उतार

कौतिकाबाई पेंदाम दुकानात आल्या,
मी स्टूल पुढं केला तर उभ्याच राहिल्या.
"खुर्ची पाह्यजे. पाय टेकले पाह्यजेत, बस."
एकतीस वर्षं अंगणवाडीतल्या लोखंडी खुर्चीवर
त्यांचे पाय लोंबकळत होते,
समोरच्या पोरांना वाटायचं
बाई झोका घेतात.

लाकूड त्यांचंच.
बोडीच्या पाळीजवळ, धुऱ्यावरचा बिजा,
चैतातल्या वावधानात मुळासकट आडवा झालेला.
सातबारा, पंचनामा, फॉरेस्टच्या तीन चकरा,
मग खोडावर हातोड्याचा शिक्का,
मग आरमोरीची आरागिरणी.
सालीतून लाल डिंक गळत होता,
कोणी नवखा पाहता तर पोलिसपाटलाला बोलावता.
गिरणीवाला म्हणाला, "वाढीभाऊ, मस्त माल आहे,
सागाचा भाव देतो."
मी म्हटलं, "माल नाही. खुर्ची आहे ते."

फळ्यांमध्ये पट्ट्या घालून
छपरीत रचून ठेवल्या, दोन उन्हाळे.
बाई दर बुधवारी बाजारातून परतताना डोकावत.
"वाळलं?"
"वाळते आहे."
धान निघालं, लाखोळी पेरली, पुन्हा रोवणी झाली.
"वाळलं?"
आठ दिवसांतही दिली असती,
पण ओल्या लाकडाचा कुसू
खाचेत गप्प बसतो आणि
शिमग्यात करकरायला लागतो.

माप घ्यायला घरी गेलो.
बाईमाणसाच्या गुडघ्याला टेप लावायचा,
माझा हात अवघडला.
नात होती, सारजा, तिनं टोक धरलं.
चौदा इंच दोन सूत.
लिहिलं, आणि बापाच्या सवयीनं
खिशातली गोटी जमिनीवर सोडली.
गोटी निघाली ती थेट दाराबाहेर,
कोंबडीनं चोच मारून पाहिली.
शेणामातीची जमीन, बाईंनी स्वतः चोपलेली,
पावसाचं आत आलेलं पाणी
आपल्या पायानं परत जावं म्हणून.
"खुर्ची कुठं ठेवणार?"
"इथं. भिंतीले पाठ. रस्ता दिसला पाह्यजे."

म्हणजे पुढचे पाय चार सूत लांब.
बुडाकडचं लाकूड खाली, शेंड्याकडचं वर,
झाड उभं होतं तसं.
हात टेकायला जागा रुंद ठेवली,
बाई निवडायचं सूप तिथंच ठेवणार, माहीत होतं.
एकही खिळा नाही.
रंध्याचे छिलके बायकोनं पाण्यात टाकले
तिच्या साखरेसाठी, पाणी निळसर पडलं,
तिनं तोंड वाकडं करून पिऊन टाकलं.

बाई बसल्या.
दोन्ही टाचा टेकल्या.
अंगठ्यानं जमीन जराशी चाचपली,
रोवणीत चिखल चाचपतात तशी.
"चहा मांडते," म्हणाल्या
आणि उठल्याच नाहीत.
मी अर्धा तास बसलो, मग निघालो.

सहा वर्षांनी सारजा सायकलवर आली.
"खुर्ची मागं झुकते म्हणते आजी."
घरकुल झालं होतं.
पांढरी फरशी, माझा चेहरा दिसेल अशी.
खुर्ची त्याच जागी, भिंतीला पाठ लावून,
पण आभाळ पाहत असल्यागत.
मी ती आडवी केली, खतावणीनं रेघ मारली.
बाई उभ्या. "जास्त नको कापू."
"चार सूत फक्त."
"तेवढंच ना?"
"तेवढंच."

करवत हळू चालवली. बिजा आता हाडासारखा झाला होता.
दोन चकत्या पडल्या, पिवळ्या, आतून जणू कालच्या.
बाईंनी एक उचलून कनवटीला लावली.
दुसरी माझ्या पेटीत आहे, गुण्याखाली.
पोरगा विचारतो, हे फेकू का.

खुर्ची उभी केली. हलली नाही.
"आता कुठंही ठेवा," मी म्हटलं.
"हाव," बाई म्हणाल्या, कोणाशी तरी.
जाता जाता फरशीवर गोटी सोडली.
ती पडली तिथंच राहिली.